हवंतर सर

परीक्षेच्या हॉलमध्ये घंटा झाली की बाकीचे प्राध्यापक "स्टार्ट रायटिंग!" म्हणून ओरडायचे. आमचे सर मात्र घड्याळ बघायचे, चष्मा कपाळावर चढवायचे आणि शांतपणे म्हणायचे, "हां, आता हवं तर लिहायला सुरुवात करा." मागच्या बाकांवर खसखस पिकायची. एकदा एका वात्रट पोरानं विचारलंच, "आणि नको असेल तर, सर?" सर जरासुद्धा रागावले नाहीत. म्हणाले, "तर बसा की. इथून अजिंक्यतारा छान दिसतो."

साताऱ्याच्या आमच्या कॉलेजात ते फिजिक्स शिकवायचे. पाटीवर त्यांचं नाव पदवीसकट रंगवलेलं होतं, पण ते कुणी घेत नसे. ते 'हवंतर सर'. एस.टी.त चढले की कंडक्टरला म्हणायचे, "हवं तर एक वाई द्या." कंडक्टर वैतागायचा, "हवं तर म्हंजे? जायाचं हाय का न्हाई?" वाई हे सरांचं गाव, तिथं म्हातारे आईवडील, तेव्हा जायचं तर असायचंच. पण कुणावर, अगदी कंडक्टरवरसुद्धा, काही लादायचं म्हटलं की त्या माणसाची जीभ अडखळायची. त्याला कोण काय करणार!

आणि अशा माणसाच्या गळ्यात कॉलेजनं काय अडकवलं होतं, तर वेळापत्रक. म्हणजे कुणी, कधी, कुठं, कुठल्या बाकावर बसायचं ते अख्ख्या कॉलेजला फर्मावण्याचं काम. जिन्याखाली झाडू-बादल्या ठेवायची एक जागा होती, ती सरांची खोली. खिडकी नाही. भर दुपारी दिवा लावावा लागे, आणि तास सुटला की सगळं कॉलेज डोक्यावरून धडधडत खाली येई. भिंतभर एक फळी, फळीवर खिळ्यांच्या रांगा, आणि खिळ्याखिळ्याला लटकवलेल्या रंगीत चिठ्ठ्या. चिठ्ठ्या सर जुन्या लग्नपत्रिकांच्या कापायचे. पुठ्ठा जाड आणि रंग आयता. पिवळी म्हणजे गणित, हिरवी म्हणजे वनस्पतिशास्त्र, गुलाबी म्हणजे रसायन. सोमवारचं गणित उलटं केलं की मागे 'आमचे येथे श्रीकृपेकरून', आणि शनिवारच्या रसायनामागे 'हेच आमंत्रण समजून अगत्य येण्याचे करावे'. शनिवारी येत कुणीच नसे, ती गोष्ट वेगळी.

हे काम त्यांना तरुणपणी 'या वर्षापुरतं' म्हणून दिलेलं होतं. ते वर्ष काही संपलं नाही. मधे एकदा बंगळूरला संशोधनाला जायची संधी आली होती. प्राचार्य म्हणाले, "जा हो, पण टाइमटेबल कोण करणार?" झालं! सर राहिले. हसून म्हणायचे, "मला या खिळ्यांनीच इथं ठोकून ठेवलंय." हसायचे खरे, पण दिव्याखाली त्यांचा चेहरा पाहिला की माझं हसू मावळायचं.

माझी त्यांची गाठ पडली ती जास्वंदीपायी. माझे बाबा मूळचे रहिमतपूरकडचे. छप्पन्न साली आमच्या सगळ्या घरानं दीक्षा घेतली, आणि पुढं बाबा पाचगणीच्या एका बोर्डिंग शाळेत बागेवर लागले. मी त्या बागेत वाढले. देठावर पानं उगवतात ती कशीही उगवत नाहीत, गोल गोल चढत जातात, हे मला लहानपणापासून दिसायचं. कॉलेजच्या पहिल्या वर्षाला सगळेच विषय होते, तेव्हा मी मोठ्या उमेदीनं वनस्पतिशास्त्राच्या प्रमुखांना विचारलं, असं का? ते म्हणाले, "ते तसंच असतं. पाठ करा." गणिताच्या सरांना विचारलं. ते म्हणाले, "पानांचं बॉटनीत विचारा." मी आपली व्हरांड्यात तोंड पाडून उभी. जिन्याखालून आवाज आला, "काय झालं, मिस कांबळे? हवं तर सांगा."

मी सांगितलं. सर म्हणाले, "मला माहीत नाही." प्राध्यापकाच्या तोंडून हे वाक्य मी पहिल्यांदाच ऐकत होते. मग म्हणाले, "हवं तर दोघं मिळून बघू." आणि कोटाच्या खिशातून दोरा काढून, भर मधल्या सुट्टीत, आवारातल्या जास्वंदीपाशी जाऊन उकिडवे बसले. एका पानाला दोरा बांधायचा, पुढच्या पानाला वळसा द्यायचा, त्याच्या पुढच्या, असं करत बरोबर पहिल्याच्या डोक्यावर येणाऱ्या पानापर्यंत जायचं. फेरे किती झाले, पानं किती झाली, मोजायची. दुसरी फांदी घेतली, तिसरी घेतली. तेच आकडे! दुसरं झाड घेतलं, आकडे वेगळे, पण त्या झाडाला पुन्हा दर फांदीला तेच. सरांचे केस पानांत अडकलेले, गुडघे मातीनं माखलेले, आणि चेहरा असा की मला वाटलं आता उड्या मारतात की काय. म्हणाले, "मिस कांबळे, तुम्हाला गणितही लागणार आणि झाडंही लागणार. एकाच्यानं भागायचं नाही." आणि मग एकदम दोरा गुंडाळून खिशात टाकला. कारण दुसऱ्या वर्षापासून ए ग्रुप आणि बी ग्रुप. ए म्हणजे गणित, बी म्हणजे जीवशास्त्र. एक घेतलं की दुसऱ्याचं दार बंद, ते कायमचं.

तिथून सरांनी ध्यासच घेतला. पुढं बी.एस्सी.लाही मुख्य आणि दुय्यम विषयांच्या जोड्या विद्यापीठानं ठरवून दिलेल्या होत्या. फिजिक्सबरोबर गणित चालेल, बॉटनीबरोबर झूलॉजी चालेल, बॉटनीबरोबर गणित? छे! नाव काढायचं नाही. सर फळीपुढं उभे राहून हिरवी चिठ्ठी पिवळीशेजारी धरायचे आणि म्हणायचे, "या लग्नात मुलामुलीला कुणी विचारलेलंच नाही. सगळं परस्पर ठरवलंय." त्यांच्या मनातली पदवी साधी होती. विद्यार्थ्यानं आपला एक मुख्य विषय घ्यावा आणि बाकीचे, कॉलेजात जे शिकवलं जातं त्यातून, आपल्या प्रश्नाला लागतील ते घ्यावेत. आणि आठवड्यातून एका तासाला दोन विषयांचे दोन मास्तर एकाच वर्गात उभे राहतील. "ते एकमेकांना प्रश्न विचारतील," सर म्हणायचे, "आणि मुलं ऐकतील. दोघांनाही उत्तर येणार नाही तेव्हा शिक्षण सुरू होईल."

स्टाफरूममध्ये या योजनेची काय टिंगल झाली म्हणून सांगू! वनस्पतिशास्त्राचे प्रमुख सांगलीचे. ते म्हणाले, "हे काय भडंग करून ठेवलंय? मूठभर हे, मूठभर ते!" तेव्हापासून ती 'भडंग डिग्री'. सर शांतपणे म्हणाले, "भडंगात शेंगदाणा शेंगदाणाच राहतो की. विरघळतो थोडाच?" हे उत्तर मला फार आवडलं होतं. पण उत्तरानं कुणाचं मत बदलत नाही, हे तेव्हा मला कळायचं होतं.

आणि मग सरांनी एक घोटाळा करून ठेवला. कॉलेजच्या माहितीपत्रकाची मुद्रितं तपासायचं कामही त्यांच्याकडंच. त्यात वाक्य होतं, 'विद्यार्थ्याने गणित किंवा जीवशास्त्र घ्यावे.' सरांना त्या 'किंवा'ची चीड आलेली. त्यांनी तो खोडला आणि वर लिहिलं 'आणि'. त्यांच्या मते 'घ्यावे' म्हणजे घेतलं तरी चालेल, आपली खुशी. छापखान्यातनं पत्रकं आली, गावोगाव गेली. आणि जूनमध्ये कॉलेजच्या पायऱ्यांवर पालकांची ही गर्दी! त्यांच्या मते 'घ्यावे' म्हणजे घेतलंच पाहिजे, नाहीतर प्रवेश नाही. रहिमतपूरचे एक गुळाचे व्यापारी सगळ्यांत पुढं. "आवं सर, आमच्या पोराला एकच झेपंना झालंय आनि तुमी दोन-दोन लादताय व्हय?"

सर घाबरून म्हणाले, "लादत नाही हो, हवं तर..."

"न्हाई हवं!" व्यापारी गरजले. मागून सगळे पालक, "न्हाई हवं! न्हाई हवं!"

प्राचार्यांनी कपाळाला हात लावला. सगळी पत्रकं परत मागवून त्यांवर दुरुस्तीची पट्टी चिकटवावी लागली, आणि त्या पट्ट्या सर आणि मी जिन्याखाली बसून खळीनं चिकटवत होतो. सर खिन्न झाले होते. म्हणाले, "मिस कांबळे, 'किंवा'नं माणूस अडकतो असं मला वाटत होतं. 'आणि'नंही अडकतोच की." एवढं बोलून पुन्हा पट्टी चिकटवायला लागले. मला हसू येत होतं आणि गलबलतही होतं.

पण या गोंधळातनं एक झालं. प्राचार्य वैतागून म्हणाले, "तुमचं ते भडंग एका विद्यार्थ्यावर करून बघा आणि माझं डोकं सोडा. विद्यापीठाशी मी बोलतो." परवानगी तोंडीच. तो एक विद्यार्थी म्हणजे मी. दोन्ही ग्रुपांत बसायचं, परीक्षेआधी विद्यापीठाची मंजुरी येईल, आणि मग मी पुढं गणित आणि वनस्पतिशास्त्र अशी जोडी घेऊन बी.एस्सी. करीन. असं ठरलं. मी त्या दिवशी पाचगणीला जाऊन बाबांना सांगितलं तर बाबा म्हणाले, "दोन्ही? आगं, पन खाशील कवा?"

त्यांचं खरं होतं. बॉटनीचं प्रॅक्टिकल आणि गणिताचा तास एकाच वेळी यायचा. सरांनी फळीवरच्या चिठ्ठ्या पुनःपुन्हा हलवल्या, पण एक हलवली की तीन अडायच्या. शेवटी गणिताचे सर कॉलेज भरायच्या आधी भल्या सकाळी माझा एकटीचा तास घ्यायला तयार झाले. रोज फळ्यापुढं उभं राहून पुटपुटायचे, "हवंतर, हवंतर! तुझ्या हवं तरपायी माझी आंघोळ गेली." चांगला माणूस होता बिचारा. शिकवायला लागला की आंघोळ विसरायचा.

ते वर्ष मी कसं काढलं, माझं मला ठाऊक. या इमारतीतून त्या इमारतीत पळायचं, दोन्ही हजेऱ्यांत नाव आणि दोन्ही वर्गांत परकी. ए ग्रुपची पोरं म्हणायची, "बी आली, बी आली." बी ग्रुपच्या मुली डिसेक्शनच्या टेबलाशी माझ्यासाठी जागा धरायच्या नाहीत, "तुझा काय भरवसा, उठून गणिताला जाशील." कुठल्या बाकावर बसायचं हा प्रश्न आमच्या घराला नवा नव्हता. बाबा लहानपणी शाळेत होते तेव्हा त्यांना तो वेगळ्या कारणानं पडला होता, एवढंच. होस्टेलच्या कॉटवर पडले की वाटायचं, कुठंतरी एका जागी सुखानं बसावं. आणि सकाळ झाली की पुन्हा पळावंसं वाटायचं. बरं, सोडून द्यायचं म्हटलं तरी कुठलं सोडायचं? सुटायची वाटच नव्हती.

सर मात्र त्या वर्षी वेगळेच दिसत होते. कोटाची बटणं लावायला लागले होते. एकदा फळीपुढं उभे राहून मला म्हणाले, "तुमचं जमलं ना, मिस कांबळे, की पुढल्या वर्षी दहा मुलं येतील. मग पन्नास. मग प्रत्येकजण आपलं वेळापत्रक आपण करील. मग ही फळी कशाला? मग हवं तर मी बंगळूरला जाईन." तेव्हा मला कळलं की माझ्या परीक्षेला सरसुद्धा बसलेले आहेत. आपलं ओझं पेलता येतं, पण दुसऱ्याचंही आपल्याच पाठीवर आहे असं कळलं की पाय लटपटतात.

परीक्षा तोंडावर आली आणि विद्यापीठाचं उत्तर आलं. प्राचार्यांनी सरांना आणि मला बोलावून उभ्याउभ्याच सांगितलं. अशी जोडी नियमात नाही. एका विद्यार्थ्यासाठी नियम बदलत नाही. मुलीनं एक ग्रुप घ्यावा, नाहीतर परीक्षेला बसू नये. "मी बोललो त्यांच्याशी," प्राचार्य म्हणाले. किती बोलले देव जाणे. मग सरांकडं न बघता म्हणाले, "आणि तुमची सांगलीला बदली झालीय. संस्थेच्या तिथल्या कॉलेजात टाइमटेबलचा फार घोळ चाललाय."

मी तिथंच रडायला लागले. सर रडले नाहीत. जिन्याखाली जाऊन एकेक चिठ्ठी उतरवून डब्यात भरायला लागले. सांगलीला लागणार होत्या ना!

मला निवडायला आठवडा दिला होता. गणित की झाडं? मी सगळ्यांना विचारत सुटले. वनस्पतिशास्त्राचे प्रमुख म्हणाले, "मी आधीच सांगत होतो." गणिताचे सर म्हणाले, "तू हुशार आहेस, पण कुठलं घे ते माझ्या तोंडून नको वदवूस." पाचगणीला गेले तर बाबा म्हणाले, "तुला पायजे ती घे. मी कोन सांगनार?" एवढ्या प्रेमानं म्हणाले, आणि मला त्यांचा इतका राग आला! रात्रंदिवस एकच. गणित घेतलं तर झाडं मी मारली, झाडं घेतली तर गणित मी मारलं. जेवण जाईना. मुदतीच्या आदल्या दिवशी, सर जायचे त्या दुपारी, मी धावत एस.टी. स्टँडवर गेले.

सर सांगलीच्या गाडीत खिडकीशी बसले होते, मांडीवर चिठ्ठ्यांचा डबा. मी खालून म्हणाले, "सर, तुम्हीच सांगा. मला नाही ठरवता येत."

मला वाटलं, सर म्हणतील, हवं तर हे घ्या, हवं तर ते घ्या. मी त्याचीच धास्ती घेऊन आले होते. सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. आणि कधी नव्हे त्या कडक आवाजात म्हणाले, "गणित घ्यायचं. दुसरा विचार करायचा नाही."

"आणि झाडं?"

"झाडं काय, कुठंही भेटतात. उद्या सकाळी जाऊन गणिताला नाव द्या. मी सांगतोय म्हणून द्या."

गाडी सुटली. मी धुळीत उभी. त्यांनी मागं वळूनसुद्धा बघितलं नाही.

मी नाव दिलं. गणितात बी.एस्सी. झाले, शिक्षिका व्हायला बी.टी. झाले, आणि योगायोग बघा, नोकरी लागली ती सांगलीच्याच शाळेत. झाडं कुठंही भेटतात? डोंबल! दिसतात कुठंही. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांचा छेद घेऊन बघणं, त्यांच्याविषयी कुणाशी वाद घालणं, हे कुठंही भेटत नाही. ते माझं गेलं ते गेलंच. जास्वंदीचे आकडे तसे का, ते मी कधी शोधलं नाही. सरांवर माझा भयंकर राग होता. विश्रामबागेत त्यांची खोली होती, मी सणासुदीला जायची, नमस्कार करायची, आणि काही ना काही टोचून बोलायची. "तुम्ही घ्यायला लावलंत म्हणून शिकवतेय हो सर गणित." सर मान खाली घालून म्हणायचे, "हो, खरं आहे. माझ्यामुळंच." कधी एका शब्दानं स्वतःची बाजू मांडली नाही. याचा तर मला अधिकच राग यायचा. सांगलीच्या कॉलेजातही ते शेवटपर्यंत वेळापत्रकच करत राहिले. बंगळूरचं नाव पुन्हा काढलं नाही.

पुढं ते आजारी पडले. कळल्यावर मी गेले. खाटेवर पडून होते, आवाज अगदी खोल गेलेला. मी मोसंब्याचा रस काढून दिला. दोन घोट घेतले आणि माझ्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "मिस कांबळे, झाडांचं अजून मनात आहे?"

खोटं कशाला बोलायचं? मी म्हणाले, "आहे, सर."

"राग येतो?"

"येतो."

"कुणाचा येतो?"

"तुमचा," मी म्हणाले. "आणखी कुणाचा येणार?"

सरांचा चेहरा एकदम सैल झाला. वर्षानुवर्षं ताणून धरलेलं काहीतरी सुटावं तसा. "स्वतःचा नाही ना येत?" त्यांनी विचारलं. "एकदाही?"

मी आठवून पाहिलं. खरंच, एकदाही आला नव्हता. गणित मी निवडलं असं मला इतक्या वर्षांत कधी वाटलंच नव्हतं. मी हातातला पेला खाली ठेवला.

"मग जमलं म्हणायचं," सर म्हणाले, आणि भिंतीकडं तोंड करून झोपले.